जोडदौड

अमरावती,
३० डिसेंबर

ती. बापूसाहेबांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, आम्ही दोघी ठीक आहोत. फोनवर तुमच्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, तुम्ही चार वेळा "हॅलो" करता आणि शेवटी "बरं बरं" म्हणून ठेवून देता. शिवाय जे सांगायचं आहे ते जुईलीसमोर बोलता येत नाही, आणि दोन खोल्यांच्या घरात ती कायम समोरच असते. म्हणून शाळेत मधल्या सुट्टीत बसून लिहिते आहे.

गौरांगला जाऊन आठ महिने झाले. माझं म्हणाल तर शाळा, डबे, वह्या तपासणं, सगळं चालू आहे. लोक म्हणतात, वर्षाली फार खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नाही, बापूसाहेब. मला काही वाटतच नाही. दाताच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर गाल दुसऱ्याचा वाटतो ना, तसं झालं आहे. सुनेने सासऱ्याला हे लिहावं का, माहीत नाही. पण दुसरं कोणाला लिहू?

कारण जुईलीचं आहे. ती मला रात्री दाराची कडी लावू देत नाही. एप्रिलपासून. मी लावली की उठते आणि काढते. "बाबा आले तर?" एवढंच म्हणते. नांदगाव पेठेहून येताना तो अपघात झाला तेव्हा आपण तिला लगेच भातकुलीला माझ्या भावाकडे, गोपालकडे पाठवलं आणि थेट तेरवीला आणलं. तिने काही पाहिलं नाही. बाबा देवाघरी गेले, असं सगळ्यांनी सांगितलं. ती मान हलवते आणि कडी काढते. तिला नीट सांगावं म्हणून मी किती वेळा तोंड उघडलं, पण शब्दच निघत नाही.

आता नवीन झालं आहे. फेब्रुवारीच्या नऊ तारखेला छत्री तलावाच्या रस्त्यावर जोडदौड आहे. गौरांग तुम्हाला सांगायचा, आठवत असेल. सकाळी फिरायला जाणाऱ्यांचं मंडळ दर वर्षी घेतं. एक मोठं माणूस, एक मूल, दोघांची मनगटं सुती पट्टीने बांधायची आणि तीन किलोमीटर पळायचं. पट्टी सुटली की जोडी बाद. पहिला-दुसरा नंबर नाही, पळून आलेल्या सगळ्यांना गरम गिला वडा. ही बापलेक गेली तीन वर्षं पळत होती.

काल मंडळाचे भगवंतराव दारात आले. आत येईनात. म्हणाले, "वहिनी, पोरीनं जोडीदार म्हून गौरांगभाऊचंच नाव लिहून देलं. मी पोरीले काय सांगू? माह्यानं ते नाव खोडवत नाही."

मी तिला म्हटलं, मी पळते तुझ्याबरोबर. तर म्हणाली, "तू कशी पळशील? तू शेवटी उभी राहतेस, टॉवेल घेऊन."

बापूसाहेब, नऊ तारखेला ही पोर मनगटाला पट्टी बांधून त्या रस्त्यावर उभी राहणार आहे आणि वाट पाहणार आहे. तुम्ही याल का? तिच्या शेजारी कोणीतरी त्याचं असायला हवं.

तुमची,
वर्षाली


अकोला,
४ जानेवारी

चि. वर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वर 'सौ.' लिहायला हात सवयीने गेला आणि थांबला. आता नुसतं 'चि.'. वाईट वाटून घेऊ नकोस. मला वाटलं तेवढं पुरे.

पहिली गोष्ट. कडी न लावता झोपता? अमरावतीत काय रामराज्य अवतरलं आहे? एकटी बाई, लहान पोर, आणि दार लोटलेलं! फौजदारी वकिलीत चाळीस वर्षं घालवली मी, चोर उघड्या दाराने कसे आत येतात हे मला कोणी शिकवायला नको. तिला रागाव, पण कडी लाव.

दुसरी गोष्ट. वर्ष सरायचं आहे. वर्षाच्या आत आपल्याकडे लग्नाला अक्षता टाकायला जात नाहीत, संक्रांतीचा तिळगूळ वाटत नाहीत, आणि तुम्ही दौडी काय काढता? लोक तोंडावर बोलणार नाहीत, मागे बोलतील. तुला त्याचं काही वाटत नसेल तर माझं म्हणणं नाही.

तिसरी गोष्ट, माझं वय बहात्तर. सकाळी मैदानाला चकरा मारतो हे खरं, पण गुडघ्यांचा भरवसा नाही. कधी हजर असतात, कधी पुढची तारीख मागतात. गोपाल धडधाकट आहे, त्याला उभं कर. आणि पोरीला समजावणं हे आईचं काम आहे. तू शिक्षिका आहेस, चाळीस पोरांना एका वेळी समजावतेस.

शेवटी एक विचारतो, रागावू नकोस. तुझं पत्र फार कोरडं वाटलं. तू अजून चाळिशीचीही नाहीस. या घराशी पुढे संबंध ठेवायचा नसेल, तर तसं सरळ लिही. मी आडकाठी करणार नाही. तुझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी हे जास्त नीट विचारलं असतं.

गोदाबाई स्वयंपाकाला येते, दोन वेळचं जेवण होतं. माझी काळजी नको.

बापूसाहेब


अमरावती,
१६ जानेवारी

ती. बापूसाहेबांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र कोरडं आलं, कारण मीच कोरडी झाले आहे. संबंध तोडायचा असता तर मी लिहिलंच नसतं. तोडायला पत्र लागत नाही, नुसतं न येणं पुरतं. हे तुम्हाला टोचेल. तरी खोडत नाही.

गोपालला विचारलं होतं. तो तर म्हणाला, "मी पयतो ना ताई तिच्यासंग, मले काय धाड भरली!" पण जुईली म्हणाली, "मामा, तुझं नाव नाहीये त्याच्यात."

मला तिचं डोकं कसं चालतं ते कळलं आहे, तेवढं सांगते. परवा संक्रांतीला शेजारच्या भागीरथाकाकू डोकावल्या. आपण तिळगूळ देत नाही हे त्यांना माहीत आहे, पोरीसाठी नुसती भाजी घेऊन आल्या. जाताना "येते गं" म्हणाल्या. त्या गेल्यावर जुईली म्हणाली, "काकू येणार परत. म्हणाल्या ना, येते." मी म्हटलं, हो. तर म्हणाली, "बाबा पण म्हणाले होते. गाडी सुरू करताना. येतो जुई."

मी हातातली मेथी खाली ठेवली. मग तिने सगळं सांगितलं, पाढा म्हणावा तसं. तेरवीच्या दिवशी ती दारात उभी होती. इतकी माणसं घरातून गेली, आणि एक सोडून कोणीही "येतो" म्हणालं नाही. कोणी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कोणी नुसतं पाहिलं, आणि गेले. तिने कोणालातरी विचारलं, तर सांगितलं, इथून जाताना तसं म्हणत नसतात. तिने मनात धरलं की जे न बोलता गेले ते आता येणार नाहीत. आणि खरंच, कोण आलं हो? फक्त गोपाल येतो. तो त्या दिवशी मोटारसायकलला किक मारून सगळ्यांदेखत ओरडला होता, "येतो बे जुई!" त्यावरून मोठ्यांची बोलणीही खाल्ली होती त्याने. तिच्या हिशेबात तेही बरोबर बसलं.

म्हणजे असं, की जो येतो म्हणाला तो येतो. बाबा म्हणाले होते. म्हणून कडी लावायची नाही.

दुःखाच्या घरातून निघताना "येतो" म्हणायचं नाही ही आपली रीत. ती का आहे हे मला कळतं. पुन्हा अशा कारणाने यावं लागू नये. पण ती सगळ्यांत काटेकोर तुम्ही पाळलीत. तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नाहीत, चपला घातल्या आणि रिक्षात बसलात. आणि आठ महिने आला नाहीत. दिवाळीलाही नाही.

मी तुम्हाला बोलावते आहे ते एवढ्यासाठी. न बोलता गेलेलं एक माणूस परत येऊन दारात उभं राहिलं, तर तिचा हिशेब एका बाजूने तरी चुकेल. मग दुसरी बाजू तिला मी कदाचित सांगू शकेन. मला वाटतं, सांगू शकेन.

तुमची,
वर्षाली


अकोला,
२३ जानेवारी

चि. वर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

ते वाक्य टोचलं. टोचायलाच हवं होतं. माझं "संबंध ठेवायचा नसेल तर" हे वाक्य मी परत घेतो.

दिवाळीचं लिहिलंस म्हणून सांगतो. मी निघालो होतो. गोदाबाईकडून चिवडा करून घेतला, पोरीसाठी फुलबाज्या न घेता रंगपेटी घेतली, सकाळच्या गाडीत बसलो. बडनेऱ्याला उतरलो. तिथून तुमचं घर रिक्षाने कितीसं आहे? फलाटावरच्या बाकावर बसलो. मनात आलं, मी बेल वाजवणार आणि दार दुसरंच कोणी उघडणार. गौरांग कधी धड उघडायचा नाही, दाराआडूनच ओरडायचा, "बापूसाहेब, पासवर्ड सांगा." इतका मोठा झाला तरी. मी तिथेच बसून राहिलो आणि परतीची गाडी आली तेव्हा तिच्यात चढलो. चिवडा गोदाबाईच्या नातवंडांनी खाल्ला. रंगपेटी कपाटात आहे.

तू मला भेकड म्हणालीस तरी मी हरकत घेणार नाही. तू लिहितेस की तुला काही वाटत नाही. मलाही फारसं वाटत नाही. जेवणाला चव नाही म्हणावं तर तसंही नाही, चव आहे, पण ती दुसऱ्या कोणाच्यातरी जेवणाची आहे. सकाळी चकरा मारतो, त्या किती झाल्या तेही लक्षात राहत नाही. मला वाटायचं हे म्हातारपण आहे.

मी येतो. शनिवारी, आठ तारखेला दुपारपर्यंत. तिला आधी सांगू नकोस. उगाच पुन्हा बडनेऱ्याहून फिरलो तर?

पळणार नाही, चालेन. पांढरे कॅनव्हासचे बूट आहेत, वकील संघाच्या स्पर्धेतले. आणि लोक मागे बोलले तर बोलू देत. मला तसंही ऐकू येत नाही.

बापूसाहेब


अकोला,
१२ फेब्रुवारी

चि. वर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. सर्दी आहे, ताप नाही. गोदाबाईने मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "कावून जी साहेब, येवढ्या गारीत पोरीले घेऊन पयाले गेल्ते? डोक्शावर एखादी गार बसली असती तं?" हे मला ऐकू आलं नाही, तिने नुसते हातवारे केले, पण मी तिला ओळखतो. मशीन पूर्ण बंद पडलं आहे. तुझ्या पर्समध्ये प्लास्टिकमध्ये ठेवूनही पाणी गेलंच. दुरुस्तीला दिलं आहे. तेव्हापासून जग मुकं आहे आणि खरं सांगू, फार वाईट नाही.

तुला जे दिसलं नाही ते लिहितो, कारण तू शेवटच्या रेषेजवळ होतीस. आणि एक विचारायचं आहे.

शनिवारी मला दारात पाहून तिने काय केलं, हे तू पाहिलंस. माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं. दुसरं कोणी आहे का ते. मला त्या नजरेचं फार लागलं.

रविवारी सकाळी आभाळ फाटल्यासारखं होतं. फेब्रुवारीत असला पाऊस कोणी मागितला होता? निम्म्या जोड्या आल्याच नाहीत. भगवंतराव भिजत्या माइकवरून ओरडत होते, "पानी आलं तं काय झालं? आपण काय साखरेचे आहो?" तेवढं मी ऐकलं, मग मशीन काढून तुझ्याकडे दिलं. जुईली पट्टी हातात घेऊन कडेला उभी होती. बाकीची मुलं बांधून तयार, ही तशीच. मी जाऊन तिच्या शेजारी मनगट पुढे केलं. ती बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिली. मग तिने माझ्या मनगटाला पट्टी बांधली, गाठ दाताने ओढली. ती गाठ घालायला तिला कोणी शिकवलं हे मी विचारलं नाही.

निघालो. मी चालणार होतो, पण ती पळायला लागली तेव्हा हात बांधलेला, मी काय करणार? पळालो. तळ्याच्या वळणावर गारा सुरू झाल्या. आधी बोरांएवढ्या, मग चांगल्या सुपारीएवढ्या. सगळ्या जोड्या चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली शिरल्या. ही थांबेना. मी ओढलं, तिने उलट ओढलं. मग मी गळ्यातला मफलर दोघांच्या डोक्यावर धरला आणि तसेच गेलो. डांबरावर गारा उड्या मारत होत्या. बोटं बधिर झाली होती. मला कसलाही आवाज येत नव्हता. कान नसलेल्या माणसाला गारपीट फार शांत वाटते.

आणि ती बोलत होती, वर्षाली. सगळा रस्ता. आधी समोर पाहून, मग माझ्याकडे पाहून. मशीन काढलं आहे हे तिच्या लक्षात नव्हतं, की तिला तेच बरं वाटत होतं, मला माहीत नाही. मी मान हलवत होतो. वकिलाची जुनी खोड, अशील बोलत असतं तेव्हा मान हलवत राहायची. एका जागी, परत फिरताना, ती थांबलीच. माझ्यासमोर उभी राहिली आणि एक प्रश्न विचारला. प्रश्न होता हे चेहऱ्यावरून कळलं. मी मान हलवली. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हलवली, जोरात. चुकलं असेल तर रागावेल म्हणून हसलो नाही, एवढं बरं केलं.

त्यानंतर ती पळाली नाही. आम्ही चालत आलो. पुढचं तू पाहिलंस.

सोमवारी निघताना ती दारात आली. माझ्या तोंडाशी "येतो" आलं होतं. तुझं पत्र वाचल्यापासून मी ठरवलंच होतं, रीत गेली खड्ड्यात, म्हणायचं. पण ऐन वेळी आठवलं की गौरांगही तेच म्हणून गेला. मला त्या शब्दाची भीती वाटली. म्हणालो नाही. तिने काहीतरी सांगितलं, मी डोक्यावर हात ठेवला आणि निघालो. म्हणजे तेरवीला केलं तेच पुन्हा केलं. गाडीत बसल्यावर स्वतःचा फार राग आला.

ती काय विचारत होती? आणि दारात काय म्हणाली? मला कळवशील का?

बापूसाहेब


अमरावती,
१८ फेब्रुवारी

ती. बापूसाहेबांस,
शि. सा. नमस्कार.

तुमच्या पत्राआधीच मला कळलं होतं. तुम्हाला लिहावं की नाही यात चार दिवस गेले.

आधी माझ्या बाजूचं. मी रेषेजवळ ताडपत्रीखाली उभी होते. घरातून निघताना दोन टॉवेल घेतले होते. एक तिचा आणि एक निळा, मोठा. तिथे पोचून पिशवी उघडली तेव्हा कळलं की मी दोन घेतले आहेत. तुमचा म्हणून घेतला नव्हता, बापूसाहेब. तुमचा विचारही मनात नव्हता. हात दर वर्षीसारखे गेले आणि दोन घेऊन आले. मला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. गारा पडायला लागल्या, लोक धावपळ करायला लागले, भगवंतराव म्हणाले, "वहिनी, गाडी घेऊन जातो त्यायले आनाले." मी म्हटलं, थांबा. का म्हटलं ते माहीत नाही.

मग तुम्ही दोघं दिसलात, मफलरखाली. सगळ्यांच्या मागून, चालत. तिचे केस कपाळाला चिकटलेले, तुमचे बूट चिखलाने काळे. पट्टी सुटली नव्हती. मी तिला तिच्या टॉवेलात घेतलं आणि निळा तुम्हाला दिला. तुम्ही चेहरा पुसायला तो तोंडावर धरलात आणि फार वेळ काढलाच नाहीत. मी दुसरीकडे पाहिलं. मग तिला वडा दिला, तर म्हणाली, "आजोबांना आधी."

घरी आल्यावर तुम्ही आतल्या खोलीत झोपलात. मी तिचे केस पुसत होते. तेव्हा ती म्हणाली, "आई, बाबा नाही येणार."

मी पुसत राहिले.

"मी आजोबांना विचारलं. बाबा कधीच नाही येणार ना? त्यांनी मान हलवली. मी परत विचारलं, कधीच? त्यांनी परत हलवली. तुम्ही सगळे नीट सांगतच नाही. आजोबा खोटं नाही बोलत. ते वकील होते."

ही तुमची मान, बापूसाहेब. मी आठ महिने जे सांगू शकले नाही ते तुम्ही न ऐकता सांगून टाकलंत. आधी मला तुमचा राग आला. असा कसा हा माणूस, पोरीच्या प्रश्नाला न ऐकता हो म्हणतो! मग त्या रात्री झोपायच्या आधी ती उठली, दाराकडे गेली, चवड्यांवर उभी राहिली आणि कडी लावली. गंजली होती, लवकर बसेना. मी उठून गेले नाही. तिने दोन्ही हातांनी ढकलून बसवली आणि येऊन माझ्या पाठीला पाठ लावून झोपली.

तिचे पाय बर्फासारखे गार होते. ते मला लागले आणि मी ते माझ्या पायांत धरले. एवढंच वाटलं, की गार आहेत. पण वाटलं.

आता दारातलं. तुम्ही बूट बांधत होतात तेव्हा ती जवळ आली आणि म्हणाली, "आजोबा, येतो म्हणू नका. नुसते या."

तुम्ही डोक्यावर हात ठेवलात आणि गेलात. ती बराच वेळ उभी होती. मला म्हणाली, "ऐकलं त्यांनी. म्हणाले नाहीत ना."

तुम्हाला ऐकू आलं नव्हतं हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगू का? तुम्ही ठरवा.

तुमची,
वर्षाली


अकोला,
२५ फेब्रुवारी

चि. वर्षालीस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला तेव्हा ऐकू आलं असतं तर माझी मान हलली नसती. मी "बघू हं" म्हणालो असतो, किंवा देवाघरचं काहीतरी बोललो असतो. म्हणून त्या बंद मशीनला मी दोष देत नाही. पण पोर माझ्या शब्दावर झोपली आहे, आणि तो शब्द मी दिलेलाच नव्हता. ते तसं ठेवता येत नाही. खालचा कागद तिला दे. तूच वाचून दाखवू नकोस, तिला वाचू दे.

बापूसाहेब


चि. जुईली हिस,
आजोबांचे आशीर्वाद.

हे पत्र तुझं आहे. आईला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

तुला एक खरं सांगायचं आहे. गारांत पळताना तू मला प्रश्न विचारलास, तेव्हा माझ्या कानात मशीन नव्हतं. मला काही ऐकू आलं नाही. मी नुसती मान हलवली. म्हाताऱ्या माणसांची ती वाईट खोड आहे, तू लावून घेऊ नकोस. ऐकू आलं नाही तर "पुन्हा सांगा" म्हणावं.

तू काय विचारलंस ते आईने मला लिहून कळवलं. मी ते नीट वाचलं. उत्तर तेच आहे, बाळा. बाबा येणार नाहीत. तो माझा मुलगा होता आणि मीही त्याची पुष्कळ वाट पाहिली. एकदा तर बडनेऱ्याच्या स्टेशनावर बसून पाहिली. मग तुझ्याशी हात बांधून पळालो, तेव्हा कळलं की माझ्या हाताला तू आहेस. मला फार बरं वाटलं. पाय अजून दुखतात.

दारात तू सांगितलेलंही मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं. आता कळलं आहे. म्हणत नाही. पुढेही कधी म्हणणार नाही.

रंगपेटी आहे तुझी माझ्याकडे, दिवाळीपासून. गोदाबाई चिवडा करते आहे.

रात्रीची कडी लावत जा, चांगली घट्ट. गंजली असेल तर आईला खोबरेल तेलाचे दोन थेंब घालायला सांग. दिवसाही लावलीत तरी चालेल. मी बाहेरून वाजवीन. तू आतून "कोण आहे?" विचारशील, पण मशीन अजून दुरुस्त व्हायचं आहे, मला ऐकू येणार नाही. म्हणून उत्तर आधीच लिहून ठेवतो.

मी आहे. उघड.

तुझे,
आजोबा